भूक नसताना

भिवंडी,
१२ जानेवारी १९७६

हौसा,

तुझं कार्ड पोचलं. पण पोस्टमनने ते खाली लूमच्या शेडमध्ये दिलं, आणि वर माझ्या हातात येईपर्यंत चार जणांनी वाचलं. यापुढे आंतरदेशीयच घाल.

ऑपरेशनचं विचारतेस, तर झालं नाही. ठाण्याच्या सर्जनने पोट दाबून पाहिलं. बेंबीच्या वर गोळा येतो तो हाताने आत ढकलून पाहिला. म्हणाला, हर्निया आहे, शिवून टाकता येईल, पण एवढ्या चरबीत टाके धरत नाहीत, उसवतात. मग काट्यावर उभं केलं. एक्क्याण्णव किलो. तुझे दादा शेजारीच होते, ते भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. डॉक्टर म्हणाला, पंचाहत्तरवर या, मग मी सुरी लावतो. आणि मध्येच गोळा अडकून बसला, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर असाल तशा निघून या.

"खाता काय?" असं विचारलं. मी म्हटलं, दोन वेळा दोन भाकऱ्या. जेवायला मी खरंच दोनच भाकऱ्या घेते.

बाकीचं तुला सांगते. तू आमच्या घरात परकर नेसून फिरत होतीस तेव्हापासून तुझ्या वेण्या मी घातल्यात. तुझ्यापाशी लाज नाही. रात्री नऊला आमची जेवणं होतात. तुझे दादा खाली शेडमध्ये जातात आणि रात्रपाळी सुरू झाली की तिथेच खाटेवर पडतात. आपल्या तुळजाचं लग्न करून पोरीला वळ गावी सासरी पाठवली त्याला वर्ष झालं. म्हणजे वरच्या तीन खोल्यांत मी एकटी. खाली लूमची खटखट चालते, मांडणीवरची भांडी थरथरतात. कूस बदलत पडते आणि मग उठून डबा उघडते. बेकरीचे टोस्ट असतात, शेव असते. ते संपलं की दुपारचा भात, सुकट. भूक नसते गं. पोट गच्च असतं तरी हात जातो. चावत असते तेवढा वेळ बरं वाटतं, डबा संपला की रडू येतं.

गावी अंजूरला असताना लावणी होती, कापणी होती, बोंबील वाळवायचे, खाडीवरून पाटी डोक्यावर घेऊन यायची. रात्री पाठ टेकली की सकाळच. इथे नळाला पाणी येतं, भांड्यांना बाई येते, दळण पोऱ्या आणून देतो. सकाळचे दहा वाजले की माझा दिवस संपतो. पुढचं काय करायचं ते मला कोणी शिकवलं नाही.

तू शिकलेली आहेस. काही उपाय असला तर कळव.

तुझी वहिनी,
चंद्रा


पेण,
२४ जानेवारी १९७६

प्रिय वहिनी,

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. पंधरा वर्षं सगळ्या घराला जेवू घातलंस, मला डी.एड.ला पाठवायला माझ्या वडिलांशी भांडलीस, आणि आता एका टोस्टापुढे हार खातेस?

मी आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंना विचारलं. त्यांच्या बहिणीने असंच वजन उतरवलं. आधी घरातले सगळे खाऊचे डबे रिकामे कर. नसेल तर खाणार काय? रात्रीचं जेवण उशिरा घे. जेवल्यावर लगेच दात घास, म्हणजे तोंड बंद झाल्यासारखं वाटतं. उठावंसं वाटलं तर तांब्याभर कोमट पाणी पी. दुपारी झोपू नकोस. संध्याकाळी देवळापर्यंत चालत जा. आणि काहीतरी विणायला घे. लोकरीचे दोन गुंडे आणि सुया पार्सलने पाठवते आहे.

हे एकटीने होणारं नाही. घरातल्यांची साथ लागते. दादाला मी वेगळं पत्र टाकलं आहे, सगळं नीट समजावून. दादा बोलायला तुटक आहे, पण तुझ्यावर त्याचा जीव आहे हे मला माहीत आहे. तो लक्ष घालेल.

पुढच्या पत्रात मला कमी झालेला आकडा हवा.

तुझीच,
हौसा


भिवंडी,
२० फेब्रुवारी १९७६

हौसा,

लोकर मिळाली. गुलाबी रंग छान आहे.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. डबे रिकामे करून शेव-टोस्ट खालच्या कामगारांना वाटले. दात घासले. पाणी प्याले. पहिले काही दिवस निभावलं. विणायला बसले की डोळे दुखतात, इथला दिवा सारखा बारीक-मोठा होतो. एका रात्री वीज गेली. लूम थांबले आणि एकदम एवढं गप्प झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. उठले. डबे रिकामे. मग पोह्यांचा डबा घेतला आणि कोरडे पोहे, वर साखर, मूठमूठ खात अंधारात बसले. वीज आली तेव्हा पुढ्यात डबा तळाला गेलेला.

तुझ्या दादांनी तुझं पत्र वाचलं. दुसऱ्याच दिवशी कपाटाला कुलूप आणलं. घरातलं जेवढं खाण्यासारखं, तेवढं आत. किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात. मी म्हटलं, "अहो, मी काय चोर हाय?" तर म्हणाले, "हौसानंच लिवलंय, साथ द्या म्हनून. तुज्याच भल्याचं हाय." आता रात्री जेवणं झाली की ते स्वतः दुसऱ्या दिवशीचं दोन वेळचं तांदूळ-पीठ मापून काढून देतात आणि कुलूप लावून खाली जातात.

पुढचं लिहू की नको असं झालंय. गेल्या आठवड्यात रात्री मी दुसऱ्या दिवशीच्या भाकरीचं पीठ घेतलं. गूळ कपाटात. मग पाण्यात कालवून, मीठ टाकून, तसंच कच्चं खाल्लं. सकाळी त्यांना भाकरी नाही. रागावले असते तर चाललं असतं. ते हसले. आणि रविवारी वळला तुळजाच्या सासरी जेवायला गेलो, तर पंगतीत सगळ्यांना सांगितलं, "आमची ही कच्चं पीठबी सोडत न्हाय." सगळे हसले. तुळजा वाढत होती. तिने मान वर केली नाही. निघताना मला आत बोलावून म्हणाली, "आई, परत इकडं येशील तवा जरा बारीक होऊन ये."

त्यांना पुन्हा लिहू नकोस. विनंती आहे.

चंद्रा


पेण,
२ मार्च १९७६

प्रिय वहिनी,

दादाने पंगतीत असं बोलायला नको होतं. मला फार लागलं. पण वहिनी, कुलूप त्याने काळजीपोटीच लावलं असेल. पुरुषांना दुसरं काही सुचत नाही. तू त्याच्याकडे किल्ली मागितलीस का, शांतपणे, समोर बसून? तू बोलत नाहीस आणि मग त्याला कळत नाही. लहानपणी मला ताप आला की दादा रात्रभर उशाशी बसायचा. तो माणूस वाईट नाही.

विणकाम सोडू नकोस. रोज चार ओळी तरी घाल. आणि त्याला आता लिहिणार नाही, शब्द देते.

हौसा


भिवंडी,
१८ एप्रिल १९७६

हौसा,

आज चांगली बातमी देते. वजन उतरतंय.

तू म्हणालीस किल्ली माग. म्हणून एका रात्री मी खाली गेले. दिवसा मागायचा धीर झाला नाही आणि रात्री राहवलं नाही. तुझे दादा खाटेवर झोपलेले. बंडी उशाशी. कामगार आपापल्या लूमवर, माझ्याकडे कोणाचं लक्ष नाही. मी त्या खिशात हात घातला आणि मागून आवाज आला, "शेठाणी, काय पायजे?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बघते तर रंगूबाई. ही शेलार गावची, नवरा वारला, शेडच्या मागच्या पडवीत राहते आणि चरख्यावर कांड्या भरते. कांडी म्हणजे लूमवरच्या धोट्यात बसते ती, सूत गुंडाळलेली. तिने बंडी बघितली, मला बघितलं, आणि म्हणाली, "झोप येत न्हाय ना? मलाबी येत न्हाय. बसा हितं."

बसले. ती भरत होती, मी बघत होते. मग म्हणाली, "नुसतं बगत काय बसता, ते टोक धरा." त्या रात्री माझ्याकडून तीनेक कांड्या वेड्यावाकड्या भरल्या गेल्या. सगळ्या तिने उलगडल्या. दुसऱ्या रात्री पुन्हा गेले. आता रोज जाते. दहाला तुझे दादा निजले की जाते, थकले की वर येते आणि पडते. हौसा, मला झोप लागते! चरख्यावर दोन्ही हात गुंतलेले असतात, बोटांना तेल आणि कापसाचे तंतू. खायचं मनात आलं तरी खाणार कशाने? आणि मनातही येत नाही. रंगूबाई बोलत असते. तिचा एक दीर आहे तो बकऱ्यांशी भांडतो, त्याच्या गोष्टी सांगते. इतकी हसते मी की तोंडावर पदर धरावा लागतो.

सूत तोलायचा मोठा काटा आहे खाली. परवा रंगूबाईने मला त्यावर बसवलं. चौऱ्याऐंशी. तिला वाटलं काटा बिघडला, तर तिने स्वतः बसून पाहिलं.

कपाट बंदच आहे. पण आता त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

लोकर मात्र तशीच पडून आहे, रागावू नकोस.

तुझी वहिनी


पेण,
३ मे १९७६

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौऱ्याऐंशी! शाळेत मुलांना विनाकारण सुट्टी द्यावीशी वाटली. लोकरीचं काही मनात आणू नकोस, ती जळो. रंगूबाईला माझा नमस्कार सांग.

असंच चालू ठेव. दिवाळीपर्यंत पंचाहत्तर होईल. ऑपरेशनच्या वेळी मी रजा काढून येते, तुझ्याजवळ राहते. त्या डॉक्टरला आता मी स्वतः विचारणार आहे, आता काय म्हणणं आहे तुमचं?

दादाला कळलं का? मला वाटतं तू सांगावंस. त्याला अभिमानच वाटेल. पण तुझी इच्छा. मी गप्प.

हौसा


पेण,
११ सप्टेंबर १९७६

प्रिय वहिनी,

जूनमध्ये तुझ्या दोन ओळी आल्या, अठ्ठ्याहत्तर झालं म्हणून. त्यानंतर काही नाही. मी तीन पत्रं घातली. तुळजालाही लिहिलं, तिने "आई बरी आहे" एवढंच कळवलं. ऑपरेशनची तारीख ठरली का? की झालंसुद्धा? तसं असेल तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

काय ते लिही.

हौसा


भिवंडी,
२९ सप्टेंबर १९७६

हौसा,

लिहायला उशीर झाला. लिहिण्यासारखं नव्हतं.

जुलैमध्ये एकदा संध्याकाळी लवकरच मी खाली जाऊन बसले होते. तुझे दादा बाजारात गेले होते. रंगूबाईचं अंग तापलं होतं म्हणून म्हटलं तिच्या कांड्या आपण भराव्या. चरख्यावर बसले होते, साडी जुनी, केसांत सगळा कापूस. तेवढ्यात गाडी थांबली. आम्हाला सूत देणारे शेठ, आणि बरोबर त्यांची बायको. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ए बाई, शेठ किधर है?" मी उठायला गेले तर सूत तुटलं. म्हटलं, "येतील इतक्यात." ती म्हणाली, "पानी पिलाव जरा." मी हात पुसून पाणी दिलं.

तेवढ्यात तुझे दादा आले. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळं त्यांना कळलं, एका नजरेत. "या शेठ, ऑफिसात बसू," म्हणाले आणि त्यांना घेऊन गेले. ती बाई जाताना मला म्हणाली, "ग्लास धोके रखना."

पाहुणे गेल्यावर वर आले. आरडाओरडा नाही. खाली मान घालून बसले. म्हणाले, "पंदरा वर्सं चिखलात होतीस. तुला वर काडायला मी रातीच्या राती जागलो. आन तू पुन्ना खाली जाऊन बसलीस. त्या बाईला मी काय सांगू, माजी बायको हाय म्हनून?" हौसा, त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "मला तिथं झोप येते." ते म्हणाले, "झोप काय, हितं गादी न्हाय?"

दुसऱ्या दिवशी रंगूबाईची पडवी रिकामी झाली. अंगात ताप असतानाच निघाली ती. मी वरून बघत होते. तिने वर बघितलं नाही.

महिन्याभराने मी शेलारला गेले. तिथे ती एकाच्या गोठ्यात शेण काढत होती. मी म्हटलं, "रंगूबाई, मी दुसरीकडं कुठं लावून देऊ काम?" तिने पाटी खाली ठेवली नाही. म्हणाली, "शेठाणी, तुमी जावा. कुनी बगितलं तर हितलंबी जाईल." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बसले असते, पाय धरले असते.

शेडच्या मागच्या दाराला आता आतून कडी आहे. कपाटाचं कुलूप तसंच. पण मी शिकले. खालच्या चहावाल्या पोराकडून दोरीला पिशवी बांधून पाव मागवते. सहा पाव, कधी आठ. खिडकीशी उभी राहून खाते. अठ्ठ्याहत्तरचं पुन्हा एक्क्याण्णव झालं असेल, जुने ब्लाउजही घट्ट होतात. आता त्याच्याही पुढे असेल. काट्यावर बसवायला कोणी नाही.

तुझी रजा काढू नकोस.

चंद्रा


पेण,
१० ऑक्टोबर १९७६

वहिनी,

तीन कागद फाडले. दादाच्या बाजूने मी इतकं लिहिलं याची आज लाज वाटते. आणि तरी तो रडला हे वाचून मला त्याचंही वाईट वाटतं, याचा तुला राग येईल.

दिवाळीत येते. तोवर निदान पाव चारावर आण.

हौसा


भिवंडी,
८ जानेवारी १९७७

हौसास,

मी फार लिहीत नाही, तुला माहीत आहे. तुझ्या वहिनीचं ऑपरेशन झालं. गोळा अडकला. रात्री ओकाऱ्या. मी खाली होतो, मशीनच्या आवाजात तिची हाक ऐकू आली नाही. सकाळी वर गेलो तर मोरीत पडलेली. कापडाच्या टेम्पोत घालून ठाण्याला नेलं. डॉक्टर म्हणाला, आतडं काळं पडलं, वीतभर कापून टाकावं लागलं. आणखी दोन तास गेले असते तर वाचली नसती.

आज घरी आणली. मी आठवडाभर लूमकडे फिरकलो नाही. दोन मशीन बंद आहेत, असू देत.

कपाटाचं कुलूप काढलं. दारच काढून टाकलं. तिला म्हटलं, काय पायजे ते सांग, बेकरीतून आणतो, शेव आणतो. ती म्हणते, काय नको. भिंतीकडे तोंड करून पडते. खाती होती तेव्हा मला खुपत होतं. आता ताट परत येतं ते बघवत नाही.

दिवाळीत तुझ्या घरात आजारपण निघालं म्हणून येता आलं नाही, ते समजलं. आता ये. ती तुझं ऐकते.

केसरीनाथ


भिवंडी,
१७ एप्रिल १९७७

हौसा,

तू जाऊन दोन महिने झाले. तू लिहितेस, "वहिनी, आता तू सुटलीस, पुन्हा त्या वाटेला जाऊ नकोस." तुला खरं ते सांगायला हवं.

तू इथे होतीस तेव्हा रात्री माझ्या पलंगाशेजारी गादी घालून झोपायचीस. शाळेतल्या पोरांच्या गमती सांगायचीस. मी एवढं एवढं खायची आणि झोपायची. तुला वाटलं ऑपरेशनने सवय तुटली. मलाही वाटलं. तू गेलीस त्या रात्री मी उठले.

आता चोरायचं कारण राहिलं नाही. तुझे दादा रोज संध्याकाळी पुडा घेऊन येतात. एकदा शेव, एकदा खारी. पुढ्यात ठेवतात आणि मी खाईपर्यंत बसून राहतात. मी घास घेतला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मग खाली जातात. त्यांना मी कसं सांगू, आणू नका म्हणून? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यासाठी काही आणतायत.

एकदा धीर करून म्हटलं, "मला काम द्या खाली, कसलंबी." ते घाबरले. म्हणाले, "टाके हायेत तुला." टाके आता राहिले नाहीत. मागच्या आठवड्यात खोकले तेव्हा जुन्या जागेच्या बाजूला पुन्हा फुगलं. ठाण्याला दाखवलं. तोच डॉक्टर, तोच काटा. म्हणाला, घाईत केलेलं असं होतंच, पुन्हा शिवावं लागेल, पण आधी वजन उतरवा. किती भरलं ते मी बघितलं नाही, डोळे मिटून उतरले.

दात घासते. कोमट पाणी पिते. तुझी लोकरही काढली, चार बोटं विणून झालंय. सगळं करून होतं आणि तरी पुढे रात्र उरते. खाली लूम चालू असतात, मागच्या पडवीत दुसरी बाई आहे म्हणतात, तिच्या चरख्याचा आवाज लूमच्या आवाजात ओळखू येत नाही. तरी मी खिडकीशी कान लावते.

एक मागणं आहे. आता मला उपाय लिहू नकोस. मला सगळे पाठ झालेत. तू काय शिजवलंस, शाळेत कोण काय बोललं, कुणाचं कुणाशी वाजलं, ते लिही. लांबलचक लिही. मी रात्री वाचीन. वाचताना खात नाही असं तुला सांगितलं असतं, तुला बरं वाटलं असतं. पण एका हातात कागद धरता येतो आणि दुसरा मोकळाच राहतो.

या पत्राच्या कोपऱ्यावर तेल पडलंय. पुसून पाहिलं, गेलं नाही. दुसरा कागद घेणार होते, पण त्यावरही पडलं असतं.

तुझी वहिनी,
चंद्रा